बळ्ळारी नाल्यातला आजचा दिवस

पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या धूळवाफ पेरणीची घाई असतानाही आज बेळगावच्या वडगाव-शहापूर शिवारातली मंडळी बळ्ळारी नाल्यात उतरली. मीही गेलो. जलपर्णी वरून हिरवीगार दिसते, पण एक झुपका ओढला की खाली हातभर काळी मुळं, त्यात अडकलेल्या पिशव्या, बाटल्या. विळ्यानं कापायची आणि दोघांनी मिळून काठावर ओढायची. पाणी पिऊन इतकी जड होते की खांदे भरून येतात. बायका बुट्ट्या भरून ती लांब नेऊन टाकत होत्या, नाहीतर पहिल्याच पावसात परत नाल्यात.

नाला तुंबला की भात आठ-आठ दिवस पाण्याखाली, रोप कुजतं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर बेळगावात कोण विसरलंय? हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस आता कोसळतोच. ते एका गावाच्या हातात नाही, पण पाण्याला वाट करून देणं नक्की आहे. गाळाला मात्र यंत्रच हवं, त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही.

रविवारी येळ्ळूर रोडच्या पुलापासून पुढं. विळा, खोरं असेल तर घेऊन या.