अंगठा काढ

नव्या फोनमध्ये जुनं सिमकार्ड घालायचं होतं. तो इवलासा कप्पा उघडायची सुई दुकानदाराने दिली होती आणि मी ती इतकी जपून ठेवली की आता सापडत नव्हती. दुपारची वेळ. बायको नुकती आडवी झालेली. तिला उठवून सेफ्टी पिन मागायची माझी प्राज्ञा नव्हती. ड्रॉवर उपसता उपसता लेकीची जुनी कंपासपेटी हाताला लागली.

कर्कटकाचं टोक भोकात जाईना. डिव्हायडरचंही जाईना. हा डिव्हायडर नेमका कशासाठी असतो, हे मला शाळा सोडेपर्यंत कळलं नव्हतं. भूमितीच्या सगळ्या रचना कर्कटकाने झाल्या, डिव्हायडरने फक्त बाकांवर नावं कोरली. नकाशावरची अंतरं मोजायला असतो म्हणे. आम्ही नकाशात नद्या निळ्या केल्या, अंतर कधी मोजलं नाही.

खाली दोन गुण्ये होते, एक पंचेचाळीसचा आणि एक तीस-साठचा. कोरे करकरीत.

माझी पेटी कॅमलिनची नव्हती. दांडेकरांनी 1931 साली शाईच्या धंद्याला सुरुवात केली, तेव्हा पुढे वाईतल्या एका वर्गात पोरांची पत त्या उंटावरून ठरेल अशी कल्पना त्यांना नसणार. माझी पेटी यात्रेतली. तिच्यातल्या गुण्याचा काटकोन नव्वदचा नव्हता, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. ते सांगितलं गवंड्याने.

मी आठवीत होतो. घरी स्वयंपाकघरात ओटा घालायचं काम निघालं होतं. तोवर आई खाली बसून स्टोव्हवर करायची. आता गॅस आला होता आणि गॅस ओट्यावरच ठेवायचा असतो, असं शेजारच्या काकूंनी आईला पटवून दिलं होतं. मी शाळेतून आलो, दप्तर टाकलं आणि गुण्या घेऊन नव्या भिंतीच्या कोपऱ्याला लावला. फट दिसली.

"मामा, हे गुण्यात नाहीये."

गवंडीमामांनी थापी खाली ठेवली. आपला लोखंडी गुण्या लावला. फट नाही. मग माझा गुण्या त्यांच्या गुण्यात धरला. फट.

"हे कशात घालतोस?" त्यांनी विचारलं.

"भूमितीत."

"मार्क पडतात?"

पडायचे. तेच तर.

आर्यभटाने इसवी सन 499च्या सुमाराला सांगून ठेवलंय, की वर्तुळ काढावं कर्कटकाने, सपाटी बघावी पाण्याने आणि उभी रेघ ओळंब्याने. मामांच्या पिशवीत हे सगळं होतं, फक्त कर्कटकाच्या जागी खिळा आणि सुतळी. पाण्यासाठी होती एक लांबलचक पारदर्शक नळी. ओट्याचा कडप्पा कुठवर येणार त्याची खूण दोन्ही टोकांना करायची होती, आणि नळीचं एक टोक धरायला माणूस हवा होता. अपमान झालेला मुलगा समोर उभा होताच.

"न्यायच्या वेळी अंगठा लाव, पाणी सांडेल नाहीतर. बघायच्या वेळी काढ. पाणी थांबलं की सांग."

आता गंमत अशी, की द्रव आपली पातळी समान राखतो हे मला पाठ होतं. एकमेकांना जोडलेली वेगवेगळ्या आकारांची भांडी, त्यांची आकृती, आकृतीला नावं, सगळं. दोन्ही तोंडांवर हवेचा दाब सारखा पाहिजे, हेही त्याच धड्यात होतं. मी सिंकच्या बाजूला नळी भिंतीला लावून उभा राहिलो. पाणी जरा हललं आणि थांबलं.

"थांबलं!" मी ओरडलो.

थांबणारच. वर माझा अंगठा होता.

कडप्पा बसला. दुसऱ्या दिवशी आईने ओटा धुतला, तर पाणी सिंककडे जायचं सोडून गॅसकडे निघालं. घावनं एका बाजूला जाड व्हायला लागली. शेवटी आईने शेगडीच्या एका पायाखाली पावडरच्या डब्याचं झाकण सरकवलं आणि तिचा प्रश्न मिटला.

बाबांचा मिटला नाही. हिशेबाच्या दिवशी त्यांनी मामांचे पन्नास रुपये कापले. मामा म्हणाले, "लेव्हल बरोबर घेतली होती, दादा." बाबा म्हणाले, "मग पाणी खोटं बोलतंय का?" मी दारात उभा होतो. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग पैसे मोजून खिशात घातले, नळी गुंडाळली आणि गेले. मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

इतक्यात बायको उठली. मी पेटी पसरून काय करतोय ते बघितलं, कानातलं काढलं, त्याची दांडी भोकात घातली. टक्. कप्पा बाहेर. परत झोपायला गेली.

या फोनमध्ये लेव्हल आहे. नळी नको, पाणी नको, पलीकडे पोरगा नको; ठेवला की आकडा सांगतो. मागच्या आठवड्यात वाईला गेलो होतो, तेव्हा सहज ओट्यावर ठेवला. 1 अंश. मनात गणित केलं, सहा फुटांच्या ओट्याला सव्वा इंच.

"आई, ओटा एक अंशाने उतरता आहे."

आई कोथिंबीर निवडत होती. "तुझा फोन बिघडला असेल," ती म्हणाली. "हात धुऊन घे, पानं वाढते."

शेगडीखाली ते झाकण अजून आहे. मामा पूर्वी गणपती आळीत राहायचे. तिकडे चौकशी केली. आता तिथे कुणी राहत नाही.