म्हादईच्या सोबतीने मिरामारपर्यंत

बेळगावकरांचा गोवा म्हणजे चोर्ला घाटातून तीन-साडेतीन तासांत गाठलेली पणजी. फाल्गुनाच्या अखेरीस आम्ही हाच प्रवास मुद्दाम दोन दिवसांत केला, कारण खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई मांडवी होऊन समुद्राला मिळेपर्यंत कशी बदलत जाते, हे पाहायचे होते. उगम भीमगड अभयारण्यात असल्याने वनखात्याच्या परवानगीविना तिकडे जाऊ नये. आम्ही जांबोटीवरून कणकुंबीला गेलो. तेथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते, तर त्याच डोंगररानातली म्हादई पश्चिमेला उतरते. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात चाललेला वाद 2018 मधील लवादाच्या निवाड्यानंतरही मिटलेला नाही.

घाटात कुसुमाला तांबडी पालवी फुटली होती. धबधबे मात्र आटलेले, त्यामुळे त्यांच्या आशेने या दिवसांत येऊ नये. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी.

नदीची खरी भेट केरीहून वाळपईकडे वळून उस्त्याला गेल्यावर होते. पावसाळ्यात जिथे राफ्टिंग चालते, तिथे आता पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होते आणि गोट्यांवरून सरकणाऱ्या बोटभर माशांच्या सावल्याही स्पष्ट दिसत होत्या. भाकरी आणि झुणका आम्ही तेथेच सोडला. काठावर दुकान नाही, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर असावे.

गांजे गावाच्या पुढे नदी भरती-ओहोटीच्या तालावर चालते. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलो, तेव्हा पूर्ण ओहोटी होती. सलीम अली पक्षी अभयारण्यातील खाडीत होडी जाईल एवढे पाणीच नव्हते. भरतीची वेळ आधी पाहिली नाही, ही चूक सर्वस्वी आमची. तरीही पायवाटेवरून तिवरांची चिखलातून वर आलेली, पेन्सिलीएवढी श्वासमुळे जवळून पाहता आली, आणि उस्त्याचे निवळशंख पाणी ते हेच, यावर मुलांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

रायबंदर ते पणजी हा सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधला. तेथे गाडी सावकाश हाकावी. मिरामारला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचावे, म्हणजे समोर आग्वादचा किल्ला आणि नदीमुखातून परतणाऱ्या मासेमारीच्या होड्या उजेडात दिसतात. मुक्काम पणजीतच करावा. रात्री घाट चढण्याची घाई करू नये.