स्वालबार्डच्या किनाऱ्यावरची जाळी

स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांच्या किनाऱ्यावर प्लास्टिक सापडतं म्हटलं की पर्यटकांच्या बाटल्या डोळ्यांसमोर येतात. वजनात पाहिलं तर तिथे मुख्य भरणा मासेमारीच्या सामानाचा: ट्रॉलरची (जाळं ओढत नेणाऱ्या बोटींची) हिरवी जाळी, दोर, बोये, मासळीचे क्रेट. त्यातलं बरंचसं बॅरेंट्स समुद्रातल्या बोटींचं. पॉलिइथिलीनची जाळी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तुटली की तरंगत किनाऱ्याला लागतात. नायलॉन जड, ते बुडतं आणि कुणाला दिसतच नाही.

किनारा साफ करताना जाळं उपसणं हे इथलं खरं काम. वर हातभर दिसतं, बाकीचं वाळूत आणि सैबेरियातल्या नद्यांमधून वाहत आलेल्या ओंडक्यांखाली गाडलेलं. नुसतं ओढून ते येत नाही. आधी फावड्याने कडा मोकळ्या करायच्या, मग एकट्याला उचलता येतील एवढे तुकडे दातेरी सुरीने कापायचे. गाठींत बारीक वाळू बसलेली असते, तिने धार भराभर जाते, त्यामुळे सुऱ्या जास्तीच्या घ्याव्यात. तुकडा जागीच झटकायचा, नाहीतर पोत्यात जाळ्याइतकीच वाळू भरते. खाली गोठलेली जमीन लागली की थांबायचं, पण वरचा मोकळा भाग कापून न्यायचाच, कारण रेनडिअरची शिंगं त्यातच अडकतात आणि जनावर उपाशी मरतं. ज्यात शेवाळ रुजलंय ते जाळं उपटू नये. त्या थंडीत ती हिरवळ पुन्हा धरायला फार वर्षं लागतात.

आणखी दोन गोष्टी. ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवणारा बंदूकधारी माणूस कचरा वेचत नाही, त्याला दुसरं काम सांगू नये. आणि १९४६ पूर्वीच्या मानवी खुणांना कायद्याने संरक्षण आहे, म्हणून जुनी काच, खिळे, गंजलेलं लोखंड जिथल्या तिथे ठेवायचं.

बारीक तुकड्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ऑस्पार या ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठीच्या कराराच्या पद्धतीत १०० मीटरच्या पट्ट्यातला कचरा मोजतात आणि जाळ्याचे ५० सेंटिमीटरपेक्षा लहान व मोठे तुकडे वेगळे नोंदवतात. लहान तुकड्याचं टोक नीट बघा. पिंजलेलं असेल तर जाळं ओढाताणीत तुटलेलं. सरळ कापलेलं असेल तर ते बहुधा डेकवर जाळं दुरुस्त करताना छाटलेलं. समुद्रात प्लास्टिक टाकायला मारपोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ अखेरपासून बंदी आहे. तरी ही छाटणी पाण्यात जाते, याचा मला मनापासून राग येतो. दुरुस्तीच्या जागी एक पोतं बांधून ठेवलं आणि बंदरात ते फुकट रिकामं करता आलं, तर हे तुकडे समुद्रात जाणारच नाहीत.