एएच म्हणजे दहा?

"सर, एरर एक बी नाही, तरी उत्तर चुकतंयच की ओ!"

कोल्हापुरातल्या राजारामपुरीचं पोरगं लॅबमध्ये पार वैतागलेलं. ८०८६ या मायक्रोप्रोसेसरवर साधी बेरीज. एएल या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधला आकडा ठेवायचा कप्पा) १० टाकायचे, म्हणून लिहिलं: मूव्ह एएल, एएच. हेक्समध्ये (सोळाच्या पटीतली मोजणी) आपले १० म्हणजे ए, अन् हेक्सची खूण म्हणून शेवटी एच. बरोबरच की!

पण असेम्ब्लरला (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) आकडा अंकानंच सुरू झालेला लागतो. म्हणजे ०एएच. एफएफएच लिहिलं असतं तर 'हे नाव कुठलं?' म्हणून तो तिथंच अडला असता. एएच मात्र खरंखुरं रजिस्टर! त्यात पडलेलं जे काही होतं, ते प्रोसेसरनं मुकाट उचलून एएलमध्ये टाकलं. (बीएच, सीएच, डीएचचंही तेच.)

शून्य घातलं, जमलं. पोरगं हसलं, "किंमत नसलेल्या शून्यानं एवढं?"

मला टोचतंय ते वेगळंच. 'झिरो एरर' बघून किती जर्नलांवर सह्या होत असतील?