अण्णांचं घड्याळ

आज अण्णांना गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात नेलं. पॅरालिसिसच्या झटक्याला पाच महिने झाले. चालतात, बोलणंही स्पष्ट. जो तो म्हणतो, "अगदी पहिल्यासारखे झाले हो!"

मेथीच्या दोन जुड्या, तीस रुपये. अण्णांनी पन्नासची नोट दिली आणि परत किती घ्यायचे तेच सुचेना. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस! भाजीवाल्या मावशींनीच वीस रुपये त्यांच्या मुठीत ठेवले.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मोका नावाची ३० गुणांची चाचणी घेतली. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. अण्णांनी सगळे आकडे उजवीकडेच कोंबले. मी आपला वयावर ढकलत होतो. (६८ हे काय वय आहे?) झटक्यानंतर पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांची स्मरणशक्ती, लक्ष किंवा हिशेब थोडाफार तरी डळमळतो म्हणे. काहींचं भरून निघतं. पाच वर्षांत एक तृतीयांशांपर्यंत लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, गाठतो. फिजिओथेरपीची चौकशी सगळे करतात, याची कुणीच नाही. मीही केली नव्हती.

रामकुंडापाशी अण्णा थांबले. "पैशाचं तू बघ आता. पिशवी मी धरतो." डाव्या हातात धरली.