खान्देशातल्या लग्नसराईत पावडर कमीच लावा

मेकअप सेट करायच्या पावडरबद्दल जेवढे व्हिडिओ आपण बघतो ना, ते बहुतेक सगळे एसीच्या खोलीत बसून केलेले असतात, आणि आपल्याकडचे असले तरी मुंबईचे नाहीतर पुण्याचे. मुंबईत घाम येतो आणि तो तसाच राहतो, हवाच ओली असते. आपल्याकडे भुसावळ-जळगावला एप्रिल-मेमधे पारा ४४-४५ ला जातो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम आला कधी आणि उडाला कधी तेच कळत नाही, मागे नुसतं मीठ राहतं. कपाळ आणि नाक तेलकट, गाल मात्र ताणल्यासारखे कोरडे. अशा चेहऱ्यावर मुंबईच्या हिशोबाने पावडर थापली तर दोन तासांत गालांवर भेगा दिसायला लागतात. आणि आपली लग्नं तर सगळी याच दिवसांत! अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी, जवळ आली की कार्यालयं मिळत नाहीत, भर दुपारी मांडवात उभं राहायचं असतं. म्हणून घरातल्या लग्नांत बहिणी, भाच्या, वहिन्या यांचा मेकअप करताना जे कळत गेलं ते सगळं एकदा लिहून ठेवतेय.

आधी पावडर करते काय ते बघू. फाउंडेशन, कन्सीलर (डाग आणि काळी वर्तुळं झाकायचं क्रीम), क्रीम ब्लश (गालांची लाली) हे सगळं तेल, सिलिकॉन आणि पाणी यांचं मिश्रण असतं, ते वरून ओलसर राहतं आणि सरकतं. पावडर त्यातलं वरचं तेल शोषते आणि घर्षण कमी करते म्हणून ते जागेवर बसतं. पण घाम म्हणजे पाणी. घामावर पावडर लावली की तिचा लगदा होतो, त्याचे पॅच पडतात. म्हणून पावडरने घाम थांबेल ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि आपल्याकडे तर घाम स्वतःच उडतो, आपल्याला फक्त नाक, कपाळ आणि हनुवटीवरच्या तेलाचा बंदोबस्त करायचा आहे. एवढं डोक्यात ठेवलं की पावडर आपोआप कमी लागते.

आता कुठली घ्यायची. लूज आणि कॉम्पॅक्ट असे दोन प्रकार. लूज पावडर बारीक, मोकळी, तेल जास्त शोषते, म्हणून पहिल्यांदा सेट करताना तीच घ्या. कॉम्पॅक्टमधे पावडर दाबून बसवायला थोडं तेलकट बाइंडर घातलेलं असतं, त्यामुळे ती कोरड्या त्वचेवर बरी बसते आणि पर्समधे सांडत नाही, पण वरचेवर थर देत राहिलं की जाड दिसते. मी घरी लूज वापरते आणि पर्समधे कॉम्पॅक्ट ठेवते.

डबीच्या मागे काय लिहिलंय तेही बघत जा. टॅल्क हे मऊ खनिज, त्याने पावडर गुळगुळीत होते, स्वस्तातल्या बहुतेक पावडरमधे तेच मुख्य असतं. सिलिका तेल चांगलं शोषते आणि त्वचेवरची छिद्रं पुसट करते. मायका म्हणजे अभ्रक असेल तर चमक येते, आणि मे महिन्यातल्या दुपारी ती चमक तेलासारखी दिसते, म्हणून सेटिंगसाठी मॅट घ्या. कॉर्नस्टार्च किंवा तांदळाच्या पिठाचा बेस असलेल्याही पावडरी येतात, त्या हलक्या असतात. टॅल्कबद्दल बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगते, जुलै २०२४ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅल्कला 'माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत' या गटात टाकलंय आणि जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मधे जगभर टॅल्कची बेबी पावडर बंद करून कॉर्नस्टार्चची सुरू केली. ज्यांना नको वाटतं त्यांच्यासाठी आता टॅल्क-फ्री पावडरी भरपूर आहेत. आणि कुठलीही पावडर असो, ती उडवत लावायची नाही, नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, लहान लेकरं जवळ असली तर मुळीच नाही.

शेड. इथे सगळ्यात जास्त गडबड होते. ट्रान्सल्युसंट, म्हणजे बिनरंगाची, सगळ्यांना चालते असं दुकानदार सांगतो पण ती डबीत पांढरी असते आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर जरा जास्त झाली की चेहरा राखट दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा रंग गव्हाळ ते सावळा, त्यामुळे पिवळट किंवा पीच टोनची, आपल्या रंगाच्या जवळची पावडर घ्या, सावळ्या रंगाला तर रंग असलेलीच पावडर शोभते. गोरं दिसायला एक शेड फिकी घ्यायची ही सवय सोडा ना! मान एक रंगाची, चेहरा दुसऱ्या रंगाचा, आणि मग मांडवातल्या बाया "काय वं, किती पावडर फासली" म्हणतात त्याचं पोरींना किती वाईट वाटतं ते मी पाहिलंय. आपला रंग आहे तो छान आहे, पावडरने तो झाकायचा नाहीये, मेकअप जागेवर ठेवायचा आहे फक्त.

बनाना पावडर म्हणजे पिवळसर छटेची लूज पावडर, नाव फक्त रंगावरून पडलंय, त्यात केळं नसतं. (आपण रावेर-यावलवाले, जळगावच्या केळीला २०१६ मधे जीआय मानांकन मिळालंय, तर हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो.) डोळ्यांखालची निळसर-जांभळट झाक पिवळ्या रंगाने दबते म्हणून ती तिथे चांगली. पण नवरीला लावताना थांबा. आदल्या दिवशी हळद झालेली असते, चेहरा, कान, मान सगळीकडे पिवळेपणा उतरलेला असतो आणि तो एका अंघोळीत जात नाही. त्यावर बनाना पावडर लावली तर नवरी फोटोत काविळीची दिसते. हळदीनंतरच्या चेहऱ्याला न्यूट्रल किंवा हलकी पीच पावडर घ्या, आणि महत्त्वाचं म्हणजे नवरीची शेड हळदीच्या आधीच ठरवून ठेवा, हळदीच्या रात्री नाही.

दुकानात शेड बघायची ती जबड्याच्या कडेला लावून, आणि मग बाहेर उन्हात येऊन आरशात बघून. जळगावच्या फुले मार्केटला गेलात तर दुकानातल्या पांढऱ्या लाइटवर विश्वास ठेवू नका, दोन पावलं बाहेर या, दुकानदार काही म्हणत नाही. महागड्या विदेशी ब्रँडच्या डुप्लिकेट डब्या दोनशे-तीनशेला सगळीकडे मिळतात, त्या घेऊ नका. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, लायसन नंबर आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख असायलाच हवी, बाहेरून आलेल्या मालावर आयात नोंदणीचा नंबर. तेवढ्याच पैशात साधी, देशी, खरी पावडर येते आणि ती शंभर पटीने बरी.

आता लावायचं कसं, इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण खरा फरक इथेच पडतो.

त्वचा आधी पाणी प्यालेली हवी. मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि मग दहा-पंधरा मिनिटं काही नाही, केस करा तोवर. सनस्क्रीन ओलं असताना वर फाउंडेशन आणि त्यावर पावडर गेली की गोळे येतात आणि मग सगळे पावडरला दोष देतात. फाउंडेशन पातळ. क्रीमचं जे काही असेल, कॉन्टूर (चेहऱ्याला उठाव देणारी गडद छटा), ब्लश, ते सगळं पावडरच्या आधी, पावडरचं ब्लश मात्र नंतर. मग एक साधा टिश्यू घ्या, त्याचा एक पदर सुटा करा आणि चेहऱ्यावर नुसता ठेवून दाबा. जास्तीचं तेल टिश्यूवर येतं. ही एक पायरी केली की पावडर निम्मी लागते.

कूलर! हे कुणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे कूलर नसतो. आपल्याकडे नवरीची खोली म्हणजे समोर मोठा डेझर्ट कूलर धडधडत असतो. त्याची हवा ओली असते, तिच्यासमोर पावडर लावली तर अर्धी उडते आणि उरलेली कुठे जास्त चिकटते कुठे कमी. पावडर लावायची पाच मिनिटं कूलरचं तोंड फिरवा किंवा नुसता पंखा बारीक ठेवा. घरातले ओरडतील, ओरडू द्या.

डोळ्यांखाली लावायच्या आधी वर बघायला सांगा, कन्सीलर जिथे रेषांत साचलाय तिथे बोटाने हलकं टिपून सपाट करा, आणि लगेच, लगेच म्हणजे त्याच क्षणी, छोट्या पफने अगदी थोडी पावडर दाबा. मधे वेळ गेला की रेषा परत येतात. बाकी चेहऱ्याला मखमली पफ घ्या, पावडर झाकणात थोडी काढा, पफ त्यात बुडवून आपल्याच हातावर मागेपुढे चोळा म्हणजे पावडर पफच्या आत जाते, वर ढीग राहत नाही. मग दाबायचं आणि किंचित फिरवत उचलायचं, लाटणं फिरवतो तसं. घासायचं नाही, घासलं की खालचं फाउंडेशन सरकतं. आधी नाकाच्या कडा, मग कपाळाचा मधला भाग, हनुवटी, वरचा ओठ. गालांवर पफमधे जे उरलंय तेवढंच. नथ घालणार असाल तर त्या नाकपुडीला नीट दाबा. मुंडावळ्या जिथे टेकतात त्या कपाळाच्या पट्ट्याला थोडी जास्त चालते कारण तिथे त्या घासत राहतात. टिकलीची जागा मात्र बोटाने पुसून घ्या, पावडरवर टिकलीचा गोंद धरत नाही. शेवटी मऊ ब्रशने जास्तीची झटका, वरून खाली, खालून वर झटकलं की चेहऱ्यावरची लव उभी राहते आणि फोटोत दिसते.

बेकिंग, म्हणजे डोळ्यांखाली पावडरचा जाड थर पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा, ही रंगमंचावरच्या मेकअपची पद्धत आहे, प्रखर लाइटखाली टिकायला. मे महिन्यात आपल्या कोरड्या हवेत ती करू नका, डोळ्यांखालची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होते. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशी देवीच्या उत्सवाच्या वेळी गोष्ट वेगळी, हवा दमट असते, रात्रभर जागरण, गाणी, नाचणं, तेव्हा नाकाच्या बाजूला आणि डोळ्यांखाली दोन-तीन मिनिटं थोडी जास्त पावडर ठेवून झटकली तर फायदा होतो. ऋतू बघून हात सैल-आवळ करायचा.

मग सेटिंग स्प्रे, हातभर लांबून, तोंडावर शिंपडा आणि वाळू द्या. पावडरीचा कोरडेपणा दिसतो तो याने बसतो.

फोटोचं एक. सिलिका जास्त असलेल्या, एचडी म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या पावडरी डोळ्याला दिसत नाहीत पण फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे ठिपके दिसतात. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड यांनीही तसं होतं, आणि ते सनस्क्रीनमधेही असतात. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी सगळं लावून, खोलीत अंधार करून मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो काढा. अल्बम आयुष्यभर राहतो हो.

मावश्या-काकूंना, ज्यांच्या चेहऱ्यावर रेषा आहेत, त्यांना पावडर फक्त नाक आणि हनुवटीला लावा. त्यांना डबीभर पावडरची सवय असते आणि कमी लावलं तर "मला नीट नाही केलं" असं वाटतं, त्यांना हाताने धरून आरशासमोर न्या आणि अर्धा चेहरा असा, अर्धा तसा करून दाखवा, लगेच पटतं.

पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाऊन उठलं की चेहरा चमकणारच. तेव्हा थेट कॉम्पॅक्ट काढायचं नाही. आधी ब्लॉटिंग पेपर नाहीतर टिश्यू दाबा, पुसू नका, घाम वाळू द्या, मग फक्त नाकाला कॉम्पॅक्ट. दिवसभरात हे दोनदा पुरे.

आणि पफ धुवा गं. हात धुवायच्या साबणाने, कोमट पाण्यात, उन्हात वाळवा, आपल्याकडे उन्हाची कमी नाही, तासाभरात खडखडीत होतो. लग्नात एकच पफ नवरीपासून सगळ्या करवल्यांपर्यंत फिरतो, कुणाला पिंपल्स असतात, कुणाचे डोळे आलेले असतात, ते सगळ्यांना जातं. साधे पफ पाच-सहाचं पाकीट घेऊन ठेवा, प्रत्येकीच्या हातात वेगळा द्या आणि नवरीचा पफ तिच्या पर्समधे आधीच टाकून ठेवा, पाठवणीच्या गडबडीत कुणाला सापडत नाही.