बापाची जागा

आमच्या फिरत्या नाटकाचा सेट म्हणजे एक दरवाजा. लाकडी चौकट, आतून कडी, बाकी काही नाही. टेम्पोत आडवा मावतो आणि वर्ग असो की वाचनालयाचा हॉल, दहा मिनिटांत उभा राहतो. नाटक वीस मिनिटांचं. मुलगा म्हणून वाढवलेलं मूल घरी सांगतं, मी मुलगी आहे. बाप तिला बाहेर काढतो, कडी लावतो. नाटक तिथेच थांबतं.

मग माझं काम सुरू होतं. फोरम थिएटरमध्ये सूत्रधाराला जोकर म्हणतात. मी प्रेक्षकांना विचारते, ‘हिच्या जागी तुम्ही असता तर?’ ज्याला सुचेल तो पुढे येतो, मुलीचं काम स्वतः करून बघतो. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांना ही वाट सापडली ती १९७३ मध्ये, पेरूतल्या साक्षरता मोहिमेत. प्रेक्षकांतली एक बाई सुचवत होती, नट तसं करत होते, पण तिच्या मनासारखं काही होईना. शेवटी तीच रंगमंचावर चढली. यातला एक नियम आम्ही कसोशीने पाळतो: जागा घ्यायची ती सोसणाऱ्याची, जुलूम करणाऱ्याची नाही. बापच बदलून टाकला तर प्रश्न जादूने सुटतो, आणि तसाच बाप घरी असलेल्या मुलीच्या हाती काही लागत नाही.

त्या दिवशी तिघं येऊन गेले. एक मुलगी बापाशी कडाकडा भांडली. एकाने आईला मध्ये घेतलं. एका शिक्षिकेने आधी मैत्रिणीला फोन करून रात्रीची सोय केली आणि मगच तोंड उघडलं. तेव्हा हॉलमधली माणसं जरा पुढे सरकून बसली.

तिसऱ्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले. ‘मला बापाचं काम करायचंय.’

मी म्हटलं, ‘काका, बापाची जागा घेता येत नाही. आपण मुलीच्या बाजूने शोधतोय.’

ते बसले नाहीत. ‘ती कडी मी लावली होती. सात वर्षं झाली. एकदा उघडून बघू दे.’

हॉल गप्प झाला. नियम मोडावा असं मला फार वाटलं. समोरच्या प्रत्येकाला तो दरवाजा उघडलेला बघायचा होता, मलाही. मी मुलीचं काम करणाऱ्या आमच्या नटीकडे पाहिलं. ती स्वतः ट्रान्स स्त्री आहे, ही भूमिका तिने मागून घेतलेली. तिने नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी, माझ्यापुरती.

कारण विचारायची गरज नव्हती. दरवाजा उघडला असता तर आत तिलाच यावं लागलं असतं. स्वतःच्या बापाला माफ करायचं की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही, आणि मी तिला भरल्या हॉलसमोर एका परक्या बापाला माफ करायला उभी करणार होते. त्यांचं दुःख खरं होतं. पण ते हलकं करायचं काम तिचं नव्हतं.

मी काकांसाठी कडेला खुर्ची ठेवली. ‘उघडायचं राहू दे. लावल्यानंतर काय झालं, ते सांगाल?’ प्लेबॅक थिएटरमध्ये असंच करतात. जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही पद्धत. प्रेक्षकाने आपलं सांगायचं, नटांनी तयारीशिवाय तेच करून दाखवायचं. आमच्या नटांना तिचा सराव होता. आमची नटी मात्र शांतपणे हॉलबाहेर गेली. मी अडवलं नाही.

काका म्हणाले, हात कडीवरच राहिला होता. ती जिना उतरत होती, मी पायऱ्या मोजत होतो. वळणावर थांबेल असं वाटलं. सतरा झाल्या. थांबली नाही.

बापाचं काम करणारा कडीवर हात ठेवून उभा राहिला. दोघांनी चौकटीमागे पाय वाजवले, सतरा वेळा, लांब लांब जात गेलेले. कुणी एक शब्द बोललं नाही. काका एकटक बघत होते. ‘हो,’ म्हणाले. ‘असंच.’

आम्ही काही उपचार करणारी माणसं नाही, म्हणून दौऱ्यावर एक समुपदेशक सोबत असते. ती त्यांच्याजवळ तासभर बसली. जाताना त्यांनी मला विचारलं, ‘ती येईल का परत?’ मी म्हटलं, ‘ते तिच्या हातात आहे, काका.’ याहून बरं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

प्रयोगानंतर आम्ही गोलात उभे राहतो, पात्राची ओढणी किंवा चष्मा काढून ठेवतो आणि आपापलं नाव उच्चारतो. बाप झालेल्या आमच्या मित्राने त्या दिवशी स्वतःचं नाव दोनदा घेतलं.

दरवाजा उतरवताना समोरच्या टोकाला आमची नटी होती. ‘काय सांगितलं त्यांनी?’ मी जिन्याचं सांगितलं, सतरा पायऱ्यांचं. ती पाना फिरवत राहिली, शेवटचा बोल्ट निघेपर्यंत.

‘आमच्याकडे अकरा होत्या,’ ती म्हणाली, आणि चौकट उचलली.